बाळसे की मेदोवृद्धी? दायित्व कोणाचे?

गेल्या पावसाळ्यात एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या चिकित्सालयात आली. "डॉक्टर, हा काही खातच नाही, भूक लागण्याचे औषध द्या," ही तिची तक्रार. मुलाचे वजन ४२ किलो भरले. एक जिना चढून आल्याने तो धापा टाकीत होता. चौकशीअंती कळले, की तो ताटावर बसत नाही हे खरे. परंतु शाळेतून येताच वेफर्स, संध्याकाळी बिस्किटे आणि दोन वेळा 'शक्तिवर्धक' पूड घातलेले दूध त्याच्या पोटात गेलेले असते. सोबतच्या आजी कौतुकाने म्हणाल्या, "खात्यापित्या घरचं पोर आहे, बाळसं आहे ते!"

बाळसे तान्ह्या बाळाला शोभते. नवव्या वर्षी त्याला मेदोवृद्धी म्हणावे लागते.

चरकाचार्यांनी अष्टौनिंदितीय अध्यायात स्थौल्याची कारणे सांगितली आहेत. अतिसंपूरण, गुरु-मधुर-शीत-स्निग्ध आहार, अव्यायाम, दिवास्वाप, अचिंतन आणि बीजस्वभाव, ही ती यादी. यातील बीजस्वभाव वगळता बहुतेक कारणे घरातल्या घरात टाळता येण्याजोगी आहेत. बाल्यावस्था मुळात कफप्रधान. तीत दूरदर्शनसंचासमोर वा मोबाइल हाती देऊन भरविणे, पूर्वीचे पचले नसता पुन्हा खाऊ घालणे आणि हट्ट मोडण्यासाठी चॉकलेट पुढे करणे, हे सारे पालकांच्याच हातून घडते. तेव्हा निदानपरिवर्जनाचे पहिले दायित्व माता-पित्यांचे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. मात्र बीजस्वभावही कारणांत गणला आहे, हे विसरून प्रत्येक मातेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आम्हास मान्य नाही.

परंतु दोष केवळ पालकांचा म्हणून विषय संपतो काय? विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात हाच प्रश्न निराळ्या रूपात आला आहे. प्रकृती, आहार, बल, वय भिन्न असणारी माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रासली जातात? उत्तर असे, की त्यांच्यात काहीतरी समान बिघडलेले असते. आणि त्या बिघाडाच्या मुळाशी देश-नगराच्या धुरीणांचा अधर्मही असतो. आज पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले. त्याच दुसऱ्या सर्वेक्षणात ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. एकाच देशात अपतर्पण आणि संतर्पण असे शेजारी नांदत असतील, तर ते काही लक्षावधी मातांनी एकाच दिवशी केलेल्या चुकीचे फळ नव्हे. येथे राजसत्तेचे दायित्व सुरू होते.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शालेय उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करण्याचा निर्णय काढला. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी अतिमेद, अतिशर्करा व अतिलवणयुक्त पदार्थांच्या विक्रीस शाळेत आणि शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरपर्यंत मनाई केली. पण आपल्या गावातील कोणत्याही शाळेच्या फाटकाशी मधल्या सुट्टीत उभे राहून पाहावे. पन्नास मीटर म्हणजे किती, हे तेथे कोणी मोजलेले दिसणार नाही. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले, तरी इमारतींच्या गर्दीत मैदाने आक्रसतच आहेत. करनीतीचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून साखरयुक्त वातित पेयांवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला, हे स्वागतार्ह. पण त्याच दिवशी बिस्किटे, चॉकलेट व आइस्क्रीम १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. एका हाताने लंघन आणि दुसऱ्या हाताने संतर्पण, अशी चिकित्सा आपल्यापैकी कोणी केली असती तर तिला काय म्हटले असते?

आता तिसरे दायित्व, आणि तेच आम्हास अधिक बोचते. ती 'शक्तिवर्धक' पूड कोठून आणता, असे आम्ही त्या मातेस विचारले. तिने बोट दाखविले ते खाली, आमच्याच औषधालयाकडे! काउंटरवर दर्शनी भागी आम्हीच तो डबा मांडून ठेवला होता. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढण्यास सांगितले होते. आमच्या फळीवरून मात्र ती हलली नव्हती. साखरेच्या पाकातील अवलेह व सिरपे सरसकट प्रत्येक बालकास 'टॉनिक' म्हणून देणे हेही त्याच माळेतले. दुसऱ्या टोकाला, वजन उतरविण्याच्या चूर्णांच्या जाहिराती. स्थौल्य हा १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती प्रतिबंधक कायद्याच्या परिशिष्टातील व्याधी आहे, हे औषधालयमालकांनी ध्यानी ठेवावे.

म्हणून व्यवसायबंधूंना आमची तीन नम्र आवाहने. कोणत्याही तक्रारीसाठी आलेल्या प्रत्येक बालकाची उंची व वजन नोंदवावे आणि पालकांशी ते मुलाची टवाळी होणार नाही अशा शब्दांत बोलावे. बालकावर तीक्ष्ण शोधन वा उपाशी ठेवण्याचे प्रयोग न करता ज्वारी-नाचणीची भाकरी, मूग, ताक आणि रोज घाम येईतो खेळ यांवर भर द्यावा. आणि प्रत्येक शाखेने आपल्या परिसरातील एका शाळेचे फाटक पाहून, नियमभंग आढळल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी.

तो मुलगा दरमहा येतो. डबा बंद झाला आहे, जिना चढताना दम कमी लागतो, आणि आता तो ताटावर बसतो. आमच्या काउंटरवरची ती जागा रिकामी आहे. गल्ल्यात थोडी तूट आली खरी. परंतु तेवढी सोसल्यावाचून शासनाकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला राहात नाही, असे आम्हास वाटते.