नळी तुंबते तेव्हा

दिवाळी सरत आली की शिरूर कासार तालुक्यातील वाड्या-वस्त्या आणि तांडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडीकुंडी आणि तान्ही मुले घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे उरतात म्हातारी माणसे, शाळेत जाणारी मुले आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण. पक्षाघात झालेला, पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखाली निकामी झालेला, किंवा प्रोस्टेटच्या विकाराने लघवी अडलेला एखादा वृद्ध त्यांत असतो. रुग्णालयातून घरी पाठवताना त्याची लघवीची नळी तशीच ठेवलेली असते. क्वचित अन्नासाठी नाकातून पोटात सोडलेली दुसरी नळीही असते. सोबतच्या कागदावर औषधांची नावे असतात. नळीची निगा कशी राखायची हे बहुधा नसते.

मग एका रात्री पिशवीत लघवी उतरेनाशी होते. ओटीपोट फुगते, रुग्ण तळमळू लागतो. घरात म्हातारी आणि शाळकरी नातू. मुलगा सांगली-कोल्हापूरकडच्या फडात. तो निघून आला तर खाडा पडतो आणि खाड्याचा भुर्दंड उचलीवर चढतो. जीप भाड्याने करून बीड गाठावे तर हाती पैसा नाही. सकाळपर्यंत वाट पाहणे किंवा घाबरून नळी ओढून काढणे, एवढेच दोन मार्ग उरतात आणि दोन्ही घातक आहेत.

हा दैवाचा घाला नव्हे. फोली कॅथेटर नावाची ही नळी मूत्राशयात पाण्याने फुगवलेल्या लहानशा फुग्याच्या आधाराने टिकते. लघवीतील क्षार आणि जंतू यांचा थर तिच्या आत साचत जातो. म्हणूनच साधी रबरी नळी साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी आणि सिलिकॉनची नळी फार तर बारा आठवड्यांनी बदलावी लागते. नळी घालतानाच ती केव्हा बदलायची ते सांगता येते. ज्या घटनेची मुदत आधीच ठाऊक आहे तिला अपघात म्हणता येत नाही. तिची तरतूद न करणे ही व्यवस्थेची हेळसांड होय.

घरच्या माणसाला जे कळायला हवे तेही अवघड नाही. लघवी थांबली तर नळीला कोठे पीळ किंवा मोड पडला आहे काय, ती रुग्णाच्या अंगाखाली दबली आहे काय, पिशवी भरली आहे काय आणि ती मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली आहे काय, हे प्रथम पाहावे. बद्धकोष्ठानेही नळी दबते. एवढे करूनही लघवी उतरत नसेल, नळीच्या बाजूने झिरपत असेल, थंडी वाजून ताप आला असेल किंवा रक्त जात असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. फुगा फुगलेला असताना नळी ओढली तर मूत्रमार्ग फाटतो. म्हणून ओढाओढ कदापि करू नये. कण्याला वरच्या भागात इजा झालेल्या रुग्णाची नळी तुंबली तर रक्तदाब एकाएकी भडकून जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाचे डोके ठणकू लागणे आणि चेहऱ्याला घाम फुटणे ही धोक्याची खूण समजावी.

नाकातील नळीतून अन्न देण्यापूर्वी व दिल्यानंतर थोडे कोमट पाणी सोडावे. डोके व छाती उंच ठेवावी. नळीवरची नाकाजवळची खूण सरकली असेल किंवा रुग्णाला ठसका लागला असेल, तर अन्न देऊ नये. नळी तुंबल्यास तार घालू नये; निसटल्यास घरी परत बसवू नये.

या नळीला राईल्स ट्यूब म्हणतात. १९२१ साली तिचे वर्णन करणारे ब्रिटिश वैद्य जॉन राईल पुढे केंब्रिजचे मानाचे प्राध्यापकपद सोडून १९४३ साली ऑक्सफर्डला सामाजिक वैद्यकाचे प्राध्यापक झाले. ब्रिटनमधील त्या विषयाचे ते पहिलेच अध्यासन. रोग्याच्या पोटाचा अभ्यास करणाऱ्या या माणसाला अखेर त्याचे घर, रोजगार आणि मिळकत यांचा अभ्यास अगत्याचा वाटला. राईल यांची नळी आपण घेतली. त्यांचा विचार मात्र रुग्णालयाच्या दाराबाहेरच राहिला.

वास्तविक या विचाराचा प्रयोग आपल्या शेजारीच झाला आहे. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. अल्पशिक्षित, बहुतांशी दलित व गरीब स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून त्यांनी उभे केले. खेड्यातील बाईला हे जमणार नाही हा आक्षेप तेथे कायमचा निकालात निघाला. केरळने २००८ साली उपशामक शुश्रूषेचे धोरण स्वीकारले आणि पंचायतींच्या जबाबदारीवर गृहभेटी देणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था उभी केली. घरी जाऊन नळी बदलणे हे तेथे परिचारिकेचे नित्याचे काम आहे.

आपल्याकडे कागदावर उणीव नाही. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर ज्या आरोग्य केंद्रांत होत आहे, त्यांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची व उपशामक शुश्रूषा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. परंतु तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. परिणामी वेळेवर नळी बदलण्याचा किरकोळ खर्च कुटुंबाच्या माथी पडतो आणि ती न बदलल्याने उद्भवणाऱ्या जंतुसंसर्गाचा मोठा खर्च सरकार उचलते. अर्थशास्त्राच्या साध्या हिशोबानेही हा व्यवहार तोट्याचा आहे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. सांभाळणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष शिकवल्याशिवाय आणि नळी बदलण्याची तारीख लिहिलेले मराठी पत्रक दिल्याशिवाय कोणत्याही रुग्णाला नळीसह घरी पाठवू नये. प्रत्येक उपकेंद्रात अशा रुग्णांची नोंदवही असावी, आणि ठरल्या दिवशी प्रशिक्षित परिचारिकेने घरी जाऊन नळी बदलावी. नळ्या व पिशव्या मोफत मिळाव्यात. पैशाचा प्रश्न विचारला जाईल. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यावेत आणि तेवढीच भर सरकारने घालावी, असे २०२१ साली ठरले. तो पैसा कोयत्याच्या श्रमातून आला आहे. मागे राहिलेल्या आईबापांच्या शुश्रूषेवर तो खर्च होणे हा त्या श्रमाचा हक्क आहे.

तोवर कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. टोळ्या निघण्यापूर्वी आपापल्या गावात नळी लावलेले रुग्ण किती, त्यांच्याजवळ राहणार कोण आणि नळी बदलण्याची तारीख कोणती, याची यादी करावी. ती यादी घेऊन ग्रामीण रुग्णालयाच्या दारात जावे आणि प्रत्येक नावापुढे जबाबदार परिचारिकेचे नाव लिहून मागावे. हंगाम संपून मुलगा घरी परतेल तेव्हा बाप जिवंत असावा, एवढी मागणी कोणत्याही सरकारला अवाजवी म्हणता येणार नाही.