धारेची नोंदवही

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या कामाचा नारळ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये फुटला. पाठोपाठ डोंबिवलीची एमआयडीसी उभी राहिली. अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना तर त्याच्याही आधीचा. कोणत्या धातूला किती आरपीएम (मिनिटाला फेरे), किती फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग), हे या पट्ट्यातल्या टर्नर-फिटरांनी कानाने आणि डोळ्यांनी ठरवले. कीस निळा पडू लागला, टूल किंचाळू लागले, की हात आपोआप वेग उतरवायचा. ते ज्ञान अस्सल होते, पण कागदावर फार थोडे आले. ठाण्यातली रेमंडची गिरणी २००९ मध्ये बंद झाली. अशी गेट बंद होतात तेव्हा जमिनीची किंमत लगेच ठरते, हातातल्या ज्ञानाची मोजदाद मात्र कोणी करत नाही.

हे आज आठवण्याचे कारण तळहाताएवढे आहे. सर्किट बोर्डाचा नमुना करायची जुनी रीत म्हणजे नको असलेले तांबे फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवणे. आता तेच तांबे टेबलावर मावणाऱ्या सीएनसी राउटरने कोरून काढता येते. हजारोंच्या मालाला रसायनच परवडते, हे मान्य. पण एक-दोन नमुन्यांसाठी तांबेमिश्रित सांडपाणी कशाला तयार करायचे? सांडपाणी सोसणाऱ्या वालधुनी नदीच्या काठी राहणाऱ्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

अडचण अशी, की इथे जुना कान पुरा पडत नाही. टूलचे टोक ०.२ मिलिमीटरचे. स्पिंडल मिनिटाला १०,००० फेरे घेत असला तरी धारेचा प्रत्यक्ष वेग मिनिटाला जेमतेम ६ मीटर भरतो; ३०,००० फेऱ्यांना सुमारे १९. ऐकताना मशीन सुसाट वाटते, धार मात्र रांगत असते. अशा वेळी फीड रेटले तर टोक तुटते, नाहीतर तांब्याच्या कडेला बर, म्हणजे न कापलेली खरबरीत किनार, उभी राहते. २०,००० फेऱ्यांवर एकधारी बिटने दर फेऱ्याला ०.०१ मिलिमीटर कापायचे, तर फीड मिनिटाला २०० मिलिमीटर येते. हा हिशेब कागदावरच करावा लागतो.

आणि कापायचे काय, तेही पाहिले पाहिजे. तांब्याचा थर बहुधा ३५ मायक्रॉनचा. त्याखाली काच आणि इपॉक्सी. हायस्पीड स्टीलची धार काचेच्या तंतूंवर पाहता पाहता बोथट होते, म्हणून कार्बाइड हवे. पण कार्बाइड ठिसूळ, त्याला स्पिंडलची थरथर सोसत नाही. गरजेपेक्षा खोल गेलेला प्रत्येक काप म्हणजे फुकट काच घासणे. त्यात बोर्ड सपाट नसतो. एखाद्या जागी तो ०.१ मिलिमीटरने फुगला, तर ३० अंशांच्या व्ही-बिटची रेघ तिथे सुमारे ०.०५ मिलिमीटरने रुंदावते, ६० अंशांच्या बिटची त्याच्या दुपटीहून जास्त. बारीक ट्रॅक असेल तर तेवढ्यात उडतो. ६० अंशांचे टोक दणकट खरे, पण बोर्ड नीट बसवल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. शिकणाऱ्याने सुरुवात कागद-फिनॉलच्या, म्हणजे बाजारात हायलम म्हणतात त्या बोर्डावर करावी, असे आमचे मत आहे: टूल टिकते आणि काचेची धूळही उडत नाही.

असे आकडे वहीत उतरवणे नवे नाही. अमेरिकन अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी १८८० मध्ये फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात धातू कापण्याचे प्रयोग सुरू केले आणि १९०६ मध्ये त्यांचा अहवाल मांडला. २६ वर्षे, ३०,००० हून अधिक नोंदलेले प्रयोग, आठ लाख पौंड लोखंड-पोलादाचा कीस. वेग वाढला की धारेचे आयुष्य कोणत्या प्रमाणात घटते, याचे त्यांनी दिलेले सूत्र अजून शिकवले जाते. पण त्या वहीला दुसरी बाजू होती. टेलर यांनी कामगाराच्या हातातले ज्ञान उचलून नियोजन कचेरीत नेले आणि तेच घड्याळ लावून कामगाराच्या डोक्यावर ठेवले. १९११ मध्ये वॉटरटाउनच्या शस्त्रागारातले कामगार घड्याळाविरुद्ध काम टाकून बाहेर पडले. त्यांचा राग रास्त होता.

म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आयटीआयमध्ये आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत मिलिंग मशीनशेजारी जी वही ठेवायची, ती मशीन चालवणाऱ्याच्या हाताने, मराठीत लिहिलेली असावी आणि त्याच्याच ताब्यात राहावी. बोर्ड कोणता, बिटचा कोन आणि टोक, आरपीएम, फीड, खोली, किती मीटर रेघ कापल्यावर धार गेली. तुटलेल्या बिटची नोंद तर आधी. आणि दर पानावर एक रकाना धुळीचा: काच-इपॉक्सी कापताना व्हॅक्यूम चालू होता का, तोंडावर मास्क होता का.