दुसरीचा वर्ग आणि आठवड्याचा हिशेब

मार्च १९२७ म्हटले की आपल्याला महाड आठवते. चवदार तळ्याच्या त्या दिवसाच्या आठच दिवस आधी, १२ मार्च रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चासंबंधी भाषण केले होते; त्याचे स्मरण मात्र क्वचितच होते. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात, हे वास्तव त्यांनी सभागृहापुढे मांडले. शाळेत आलेले मूल जन्मभर साक्षर राहील एवढे शिकूनच बाहेर पडावे, हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतू असल्याचे त्यांनी बजावले.

आज मुले पटावर टिकतात, वरच्या वर्गात जातात. पण वर्गात बसूनही निरक्षर राहणे संपलेले नाही. माझ्या मते या गळतीची सुरुवात दुसरीत होते आणि ती रोखण्याचे साधन आठवड्याच्या उद्दिष्टात आहे.

पहिलीत अक्षरओळख होते. तिसरीपासून प्रत्येक विषय वाचूनच शिकायचा असतो. मधला पूल दुसरीचा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात, असे लक्ष्य ठेवले आहे. लक्ष्य योग्य आहे; परंतु सात वर्षांच्या मुलासाठी वर्ष हा फार लांबचा पल्ला आहे. ऑगस्टमध्ये अडखळलेले मूल एप्रिलमध्ये ध्यानात येत असेल, तर त्या लक्ष्याचा उपयोग काय? शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी कामाचे किमान दिवस २००. सहा दिवसांचा आठवडा धरला तर हाती आठवडे येतात जेमतेम तेहतीस-चौतीस.

माझ्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतील एक मुलगा मी विसरू शकलेलो नाही. दुसरीचे पुस्तक तो खणखणीत वाची. ‘वाचन उत्तम’ असा शेरा मीच लिहिला. चौथीत तोच मुलगा इतिहासाचे पुस्तक हाती घेऊन मुका उभा राहिला. दुसरीत तो वाचत नव्हताच. ऐकून ऐकून त्याने धडे पाठ केले होते. मधलीच एखादी ओळ वाचायला सांगितली असती, तर ते मला त्याच आठवड्यात कळले असते. पाचवीनंतर तो शाळेत आला नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती.

म्हणून आठवड्याचे उद्दिष्ट शिक्षकाने काय शिकवले यावर नव्हे, तर मुलाला काय येऊ लागले यावर लिहावे. ‘जोडाक्षरे घेतली’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘सूर्य, पर्वत, वर्ग यांसारखे रफाराचे दहा शब्द, पूर्वी न पाहिलेले, प्रत्येक मूल शनिवारपर्यंत स्वतः वाचील’ हे उद्दिष्ट. गणितातही तसेच. ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहिणारे मूल मठ्ठ नसते. आपली संख्यानामे आधी एकक उच्चारतात, म्हणून ते फसते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ ही वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झडला! मोठ्यांचा वाद चालू असताना मुलाची अडचण होती तिथेच होती. काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या, की एका आठवड्यात ती दूर होऊ शकते.

एका आठवड्याला वाचनाचे एक आणि गणिताचे एक, एवढीच उद्दिष्टे पुरेत. शनिवारी पडताळणी. मागे राहिलेल्या चार-पाच मुलांसाठी सोमवारचा पहिला तास राखून ठेवावा; नाहीतर पडताळणी म्हणजे नुसती नोंद ठरते.

टाचणे, अहवाल यांत आणखी एका कागदाची भर, अशी तक्रार माझे शिक्षकबंधू करतील. ती अनाठायी नाही. परंतु या हिशेबाला वहीचे एक पान पुरते, आणि ते वरिष्ठांसाठी नसून वर्गासाठी असते. मिनिटाला किती शब्द, या मोजणीचाही अतिरेक नको. भराभर वाचून अर्थ न सांगणारे मूल माझ्या त्या विद्यार्थ्याचेच भावंड आहे.

निवासी शाळेत ही जबाबदारी अधिक जड होते. आईवडील ऊसतोडीला गेलेल्या मुलाची वही संध्याकाळी घरी पाहणारे कोणी नसते. तेथे शिक्षकच पालक. तरीही पालकांना एक विनंती आहे. रविवारी फोनवर ‘जेवलास का?’ एवढेच विचारू नका. ‘या आठवड्यात वाचलेली गोष्ट मला सांग’ असेही म्हणा. त्यासाठी स्वतःला वाचता येण्याची गरज नाही.

माजी विद्यार्थ्यांनाही एवढेच सांगणे आहे. शाळेला देणगी जरूर द्या, पण भेटीला याल तेव्हा दुसरीच्या वर्गात पाव तास बसा. एखाद्या मुलाला जवळ घ्या, पुस्तकाचे कोणतेही पान उघडा आणि मधलीच ओळ वाचायला सांगा. ते अडखळले, तर त्याच्यावर रागावू नका. आम्हा शिक्षकांना त्याचा जाब विचारा.