सेम टू सेम

एकतीस वर्षे मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत रोखपाल होतो. म्हणजे पिंजऱ्यात बसून दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात माझे आयुष्य गेले. स्वतःचे मोजायला कधी फारसा वेळ लागला नाही. या नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या. एक मानेचे दुखणे आणि दुसरी खोटी नोट ओळखणारी बोटे. गठ्ठा मोजताना खोटी नोट आली की अंगठा आपोआप अडतो. कागद जरा जास्त गुळगुळीत असतो, छपाईला उठाव नसतो. डोळ्यांना कळायच्या आत बोटांना कळते. अशा या मुरलेल्या माणसाला पुण्यातल्या एका दुकानदाराने दोनशे वीस रुपयांत आठ खोटी पाती दिली, आणि मी ती पिशवीत घालून, वर त्याला ‘थँक यू’ म्हणून सांगलीला घेऊन आलो.

पाती ड्रोनची. ड्रोन नातवाचा. २०२१ च्या दिवाळीत चिरंजीवांनी तो घेऊन दिला, तेव्हा त्याची किंमत मला सांगण्यात आली नाही. माझ्या तब्येतीचा विचार करून. त्याचे वजन २४९ ग्रॅम. हा आकडा मला बाटाच्या चपलेच्या किमतीसारखा वाटला होता. पण त्यामागे कारण आहे. बऱ्याच देशांत अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला नियमांचा जाच कमी असतो. आपल्याकडेही २०२१ च्या नियमांत तेवढ्या वजनाला ‘नॅनो’ म्हटले आणि निव्वळ हौसेसाठी तो उडवायला चालकाचा परवाना लागणार नाही असे ठरवले. एक ग्रॅमने सुटका!

तर त्या ड्रोनला चार मोटारी आणि प्रत्येक मोटारीवर दोन पाती. नातवाने एकदा तो अंगणातल्या पेरूत घातला आणि दोन पात्यांचे टवके उडाले. मी डोळे तपासायला पुण्याला जाणारच होतो. पाती आणायचे काम माझ्याकडे आले. डोळे तपासायच्या आधी मी खरेदी केली, ही चूक कबूल करतो.

“ओरिजिनल आहेत ना?” मी विचारले.

“काका, ओरिजिनलचे नऊशे पडतील, आणि तेही पंधरा दिवसांनी. हे दोनशे वीस. सेम टू सेम!”

“मग फरक कशाचा?”

“नावाचा.”

यावर मी काही बोललो नाही, कारण पाकिटावर नाव तर अस्सल कंपनीचेच होते. म्हणजे फरक ज्या नावाचा, तेही सेम टू सेम! पण सहाशे ऐंशी रुपये वाचत असताना माणसाची तर्कबुद्धी थोडा वेळ रजेवर जाते.

या बाजाराची भाषा ऐकण्यासारखी आहे. तिच्यात ‘खोटा’ हा शब्दच नाही. ‘फर्स्ट कॉपी’ आहे, ‘ए-वन क्वालिटी’ आहे, ‘कंपनीचाच माल, फक्त डबा नाही’ आहे. फर्स्ट कॉपी सगळीकडे मिळते. सेकंड कॉपी कोणी विकत असल्याचे मी अजून ऐकलेले नाही. आमच्या बँकेत कोणी पाचशेची नोट पुढे करून “साहेब, फर्स्ट कॉपी आहे, घ्या,” म्हणाला असता तर पुढचा चहा त्याने पोलीस चौकीत घेतला असता.

नवी पाती लावून ड्रोन उडाला. इथेच सगळी गोम आहे. खोटा पंखा पहिल्या दिवशी उडतो. न उडणारा माल कोण विकेल? तो दहा दिवस उडतो, आणि ‘बघा, काही झालं का?’ असे म्हणायला आपण मोकळे होतो. आमचा अकरा दिवस उडाला. बाराव्या दिवशी, भर एप्रिलात, शेजारच्या वहिनींनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. नातू आमच्या गच्चीवरून ड्रोन चालवत होता. तीनएक मजले वर असताना ‘टक्’ असा आवाज आला. एक पाते बुंध्यातून मोडले. चार मोटारींच्या यंत्रातला एक पंखा गेला की उरलेले तिघे त्याला सांभाळू शकत नाहीत. खाटेचा एक पाय मोडल्यासारखे होते. ड्रोन गरगरत आला तो थेट कुरडयांत. तिथे पाच मिनिटांपूर्वी वहिनींची तीन वर्षांची नात ओल्या चिकाला बोट लावत बसली होती. तिला नुकतेच जेवायला खाली नेले होते.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या रात्री नातवाने वही काढून हिशेब मांडला. (आठवीतला मुलगा सुट्टीत आपणहून गणित करतो म्हणजे घरात काय वातावरण असेल याची कल्पना करा.) दहा मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे पाव किलोचे वजन, स्कूटरच्या वेगाने, डोक्यावर. हे झाले ड्रोनचे. पात्याचे गणित त्याहून भयंकर. बारा सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला दहा हजार फेरे घेऊ लागला की त्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर होतो. एक ग्रॅमचे पाते त्या गतीत फिरताना आपल्या बुंध्याला सव्वातीन किलोहून जास्त ओढ देते. एवढेसे प्लॅस्टिक आणि त्याला तीन किलो कांद्याची पिशवी टांगलेली, तीही ड्रोन हवेत आहे तोवर! तो बुंधा कशाचा बनवला आहे, यावर सगळे आहे. आणि सेम टू सेमवाला काटकसर करतो ती नेमकी तिथेच, कारण ती दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी उरलेली सात पाती आणि जुन्यातली सहा धडकी पाती घेऊन ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्याला वाटले, बऱ्याच वर्षांनी काहीतरी मोडायला आणले. मी म्हटले, मोडलेलेच आहे, फक्त वजन कर. जुन्या सहाही पात्यांना काट्याने एकच आकडा दाखवला. नवी सात मात्र सात घरची माणसे निघाली. सगळ्यांत हलके ०.८६ ग्रॅम, सगळ्यांत जड १.०२. आता म्हणाल, एवढ्याशा फरकाने काय होते? अशी दोन पाती एका मोटारीवर समोरासमोर आली तर नातवाच्या त्याच हिशेबाने अर्ध्या किलोचा असमतोल तयार होतो आणि मोटारीला सेकंदाला एकशे सहासष्ट वेळा हिसके देतो. मग व्हिडिओत घरे-झाडे जेलीसारखी हलतात, ती मोटार इतरांपेक्षा जास्त तापते, स्क्रू सैल होतात. आम्हाला ही सगळी लक्षणे दिसली होती. व्हिडिओ हलतोय म्हणून मी नातवाला “हात स्थिर ठेव,” असेही सांगितले होते!

तेव्हापासून मी पात्यांच्या बाबतीत पुन्हा रोखपाल झालो आहे. पाकीट बघत नाही. खोटा माल करणाऱ्याचे सगळे कसब पाकिटावर खर्च झालेले असते, आणि चमचमणारा होलोग्राम फार तर छपाई चांगली असल्याची साक्ष देतो, प्लॅस्टिकची नाही. मी पात्याच्या कडेवरून नख फिरवतो. साच्यातून निघालेला फाजील पातळ ओठ नखाला लागला की पाते बाजूला. जरासे वाकवून बघतो. चांगले पाते परत सरळ होते. वाईट पात्यावर वाकवल्या जागी पांढुरकी रेघ उमटते, आणि ती रेघ म्हणजे मोडण्याचा आगाऊ मुहूर्त. दोन मोटारी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, दोन उलट. त्यामुळे पात्यांचेही दोन प्रकार असतात आणि त्यांवर खुणा असतात. नकली संचात पाच एका प्रकारची आणि तीन दुसऱ्या प्रकारची निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नये. स्क्रूही बघावा. पहिल्याच पिळात ज्याच्या डोक्याची खाच झिजते, त्याने पाते धरून ठेवावे ही अपेक्षा करणे म्हणजे जामीन राहिलेल्या मेहुण्यावर विश्वास टाकणे. आणि इतके सगळे पार पडले तरी पहिली दोन मिनिटे ड्रोन गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवावा, माणसे लांब ठेवावीत, मग उतरवून मोटारींना हात लावून पाहावा आणि भिंगातून बुंधे पाहावेत.

मेहुण्याचा विषय निघालाच आहे तर आमचे खरे मेहुणे. हे सगळे ऐकून ते म्हणाले, “दाजी, खेळणं ते! त्याला एवढं काय?” खेळणे विटीदांडूही आहे. पण विटी कुणाच्या डोळ्याला लागली तर तिची किंमत दोन रुपये होती म्हणून डोळा परत मिळत नाही. आणि हेल्मेटाच्या बाबतीत मेहुणे काय म्हणतात? ते काही खेळणे नाही, तरी यांनी ते रस्त्याकडेच्या ढिगातून उचलले आहे आणि त्यावरचा आयएसआयचा शिक्का बोटाने खरवडला की निघतो. प्रश्न खेळण्याचा नाहीच. ‘चालतंय की’ या आपल्या राष्ट्रीय मंत्राचा आहे. खोट्या नोटेत माझा खिसा कापला जातो. खोट्या पात्यात सहाशे ऐंशी रुपये मी वाचवतो आणि धोका शेजारच्या नातीच्या डोक्यावर ठेवतो. याला काटकसर म्हणायला माझी जीभ धजत नाही.

मेहुण्यांचा दुसरा मुद्दा मात्र खरा होता. आठ ग्रॅम प्लॅस्टिकचे नऊशे रुपये ही लूटच आहे. त्यात सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. अख्खा नको आणि जोडणीचे संचही नकोत. संरक्षण, संशोधन वगैरेंना सूट आणि सुट्या भागांना मोकळीक. म्हणजे अस्सल कंपनीचा ड्रोन येईना, आणि पात्यांची पाकिटे कोठूनही येऊ लागली. आधीच ड्रोन घेऊन बसलेल्या माणसाने जायचे कुठे? तक्रार रास्त आहे. पण त्याला उत्तर खोटे नाव नव्हे. कोणी प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने पाती बनवून निम्म्या किमतीत विकली तर मी पहिला गिऱ्हाईक. माझी बोटे आणि सराफाचा काटा पास करील तर. स्वतःचे नाव छापणाऱ्याला निदान शिवी द्यायला पत्ता असतो. दुसऱ्याचे नाव छापणारा, पाते मोडण्याआधीच पळून गेलेला असतो.

आता मला खरा राग आहे तो कशाचा, ते सांगतो. बँकेत खोटी नोट आली तर ती आणणाऱ्याला परत देत नाहीत. तिच्यावर खोटी असल्याचा शिक्का मारतात, नोंद करतात आणि ठेवून घेतात. गिऱ्हाईक रडले, भांडले, मॅनेजरकडे गेले तरी. कारण परत दिली की ती संध्याकाळी भाजीवालीच्या गल्ल्यात जाणार हे रिझर्व्ह बँकेला पक्के ठाऊक आहे. खोट्या मालाचे बरोबर उलटे. मी सात पाती घेऊन, एसटीचे ज्येष्ठ नागरिकाचे अर्धे तिकीट काढून पुन्हा त्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदार जराही वाद न घालता म्हणाला, “काका, टेन्शन नको. द्या इकडे, दुसरी देतो.” इतका भला माणूस! त्याने हात पुढे केला आणि डोळ्यांनी मागच्या खिळ्याकडे पाहिले. तिथे तशीच पाकिटे टांगलेली होती. माझी पाती पुन्हा पाकिटात जाऊन त्या खिळ्यावर टांगायला किती मिनिटे लागली असती?

मी पिशवीतून सौभाग्यवतींची कात्री काढली आणि काउंटरवरच एकेका पात्याचे दोन तुकडे केले. सातही. चौदा तुकडे त्याच्यासमोर मोजून ठेवले. सवयीने दोनदा मोजले.

तो बघतच राहिला. “अहो काका, कापलीत कशाला? बदलून देत होतो की!”

“काय करणार,” मी म्हटले, “शिक्का रिटायर होताना बँकेत जमा करावा लागला.”