घन बॅटरीची खरी कसोटी

लिथियम धातूवर आधारलेली घन बॅटरी आता बाजारात येणारच, अशा घोषणा गेली काही वर्षे सातत्याने होत आहेत. त्यांमागील आशा निराधार नाही. एक ग्रॅम लिथियम धातूत तत्त्वतः ३८६० मिलिअँपिअर-तास विद्युत्‌भार साठू शकतो. प्रचलित बॅटरीतील ग्रॅफाइटात तो केवळ ३७२ साठतो. परंतु या दहापटीच्या मोहाची किंमत उद्योगाने एकदा मोजली आहे. १९८९ मध्ये कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीच्या अशा बॅटऱ्यांनी पेट घेतला, त्या परत घ्याव्या लागल्या आणि कंपनी डबघाईस आली. १९९१ मध्ये सोनीने यशस्वी केलेल्या बॅटरीत धातूऐवजी कार्बन होता. क्षमतेचा त्याग करून सुरक्षितता पत्करण्यात आली.

बॅटरी भारित होताना लिथियमचे सुईसारखे कोंब फुटतात व दोन्ही टोके जोडून टाकतात, हे या दुखण्याचे मूळ. ज्वलनशील द्रवाच्या जागी घन इलेक्ट्रोलाइटची भिंत उभारली की ते मिटेल, असा तर्क होता. २००७ मध्ये जर्मनीतील कील विद्यापीठात रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगदुराई आणि वेर्नर वेप्नर यांनी गार्नेट जातीचे ऑक्साइड सिद्ध केले; २०११ मध्ये जपानी संशोधकांना द्रवाच्या तोडीचे वहन करणारे सल्फाइड गवसले. वहनाचा प्रश्न बव्हंशी सुटला. टिकण्याचा मात्र सुटला नाही. सल्फाइड दमट हवेत विषारी वायू सोडते आणि लिथियमच्या स्पर्शाने विघटित होते. ऑक्साइडावर हवेतच कार्बोनेटचा थर चढतो, आणि ते कठीण असूनही त्याच्या कणांच्या सांध्यांतून लिथियम वाट काढतेच.

उपाय आहेत. दोन थरांमध्ये अ‍ॅल्युमिनाचे अतिसूक्ष्म अस्तर देता येते, घटावर सतत दाब ठेवता येतो, संपूर्ण निर्मिती कोरड्या हवेत करता येते. पण यांतील प्रत्येक उपाय खर्च वाढवितो. म्हणूनच स्थैर्य हा रसायनशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही प्रश्न ठरतो. शेकडो वेळा भारित होऊनही न ढासळणारा घट परवडणाऱ्या किमतीत निघाला, तरच दहापटीचा हिशेब खरा.

भारताने २०२१ मध्ये प्रगत बॅटरी-निर्मितीसाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. कारखाने उभारण्यास ती आवश्यकच होती. तथापि विक्रीशी निगडित अनुदान स्वभावतःच सिद्ध तंत्राकडे धावते. जे अद्याप टिकत नाही, ते टिकविण्याचे काम त्यातून होत नाही. त्यासाठी अपयश सोसणारा, दीर्घ मुदतीचा वेगळा सार्वजनिक निधी हवा आणि चाचण्यांचे निष्कर्ष, विशेषतः फसलेल्या चाचण्यांचे, सर्वांना खुले हवेत. कील येथील शोधात भारतीय बुद्धी होती, पण प्रयोगशाळा परकी होती. पुढचे पाऊल येथे पडावे असे वाटत असेल, तर घोषणांपेक्षा चिकाटीवर खर्च करण्याची तयारी शासनाला दाखवावी लागेल.