विश्लेषण : मेंदू ‘फुगवून’ पाहण्याचे तंत्र काय आहे?

उंदराच्या मेंदूत दोन चेतापेशींच्या जोडणीतील फट साधारण २० नॅनोमीटरची असते. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला मात्र सुमारे २५० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. दोष भिंगाचा नाही. प्रकाशाच्या तरंगस्वरूपाचीच ती मर्यादा आहे. मग मेंदूतील जोडण्यांचा नकाशा काढायचा कसा?

उत्तर कुठे सापडले?

लहान मुलांच्या डायपरमध्ये! अमेरिकेतील एमआयटीच्या फेई चेन, पॉल टिलबर्ग आणि एडवर्ड बॉयडेन यांनी २०१५ मध्ये ‘एक्स्पान्शन मायक्रोस्कोपी’ मांडली. भिंगाची ताकद वाढत नसेल, तर नमुनाच मोठा करायचा. त्यासाठी त्यांनी डायपरमध्ये पाणी शोषणारा सोडियम पॉलिअॅक्रिलेट हाच पदार्थ वापरला.

हे तंत्र कसे चालते?

मेंदूच्या पातळ कापात हे जेल तयार करतात. प्रथिनांवरील चमकत्या रंगखुणा जेलच्या जाळीला बांधल्या जातात. मग विकराने ऊती सैल करून पाणी घातले, की जेल प्रत्येक दिशेने सुमारे साडेचार पट फुगते. खुणांमधील अंतरही त्याच प्रमाणात वाढते आणि प्रयोगशाळेतील नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातूनही सुमारे ७० नॅनोमीटरपर्यंतचा तपशील दिसतो.

हाती काय लागले?

२०१९ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूची छायाचित्रे या मार्गाने टिपली गेली. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातील ‘इस्टा’ संस्था आणि गुगलच्या संशोधकांनी उंदराच्या मेंदूची ऊती सुमारे १६ पट फुगवून जोडण्यांचे जाळे रेखाटले. असे नकाशे एरवी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढतात. पण त्यातून प्रामुख्याने आकार कळतो. कोणत्या जोडणीवर कोणते प्रथिन आहे, हेही या तंत्राने सोबतच दाखवता येते.

मर्यादा कोणत्या?

ही ऊती मृत असते. तिच्यातून वाहणारे संदेश दिसत नाहीत. रस्त्यांचा नकाशा हाती आला म्हणजे वाहतूक कळली, असे नव्हे. फुगवण असमान झाली तर नकाशाही चुकतो. त्यामुळे अशा प्रत्येक चित्रामागे ‘अल्झायमरवर उपाय सापडला’ असे मथळे लावणे रुग्णांच्या कुटुंबीयांवर अन्याय करणारे आहे.

तरीही हे तंत्र महागड्या यंत्रापेक्षा रसायनावर अधिक भिस्त ठेवते, हे महत्त्वाचे. मोजक्या निधीवर चालणाऱ्या प्रयोगशाळांनाही त्यामुळे दार उघडते. मात्र प्रतिमांच्या ढिगातून एकेक चेतातंतू ओळखायला मोठे संगणकीय बळ लागते. ते बळ आणि तयार नकाशे सर्वांना खुले राहिले, तरच हे दार खऱ्या अर्थाने उघडे राहील.