अहवाल निर्दोष, रोगी मात्र बेजार

सांडोरहून पहाटे निघून वसई रोडला चर्चगेटची लोकल पकडणारा एखादा नोकरदार गाडीपूर्वी तीनतीनदा फलाटावरील शौचालयाकडे का पाहतो, हे तो कोणासही सांगत नाही. लोकलला शौचालय नसते आणि प्रवास तासाहून अधिक. पोटात कळ येते, शौचास धावावे लागते. कधी उलट कोठाच हलत नाही. रक्त तपासून झाले, दुर्बिणीने आतडे पाहून झाले, अहवाल निर्दोष. मग घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ!’ आणि कित्येकदा डॉक्टरही मान डोलावतात. या विकारास इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, संक्षेपाने आयबीएस, असे नाव आहे. अहवाल निर्दोष म्हणून दुखणे खोटे, हा निवाडा आता मागे घेतला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मतास विज्ञानाचा आधार आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे २०,००० जनुकांचा तोच संच असतो. शाळेच्या प्रत्येक वर्गातील कपाटात तीच पुस्तके असावीत, पण एका वर्गात भूगोल चालू असावा व दुसऱ्यात व्याकरण, तसा हा प्रकार आहे. कोणते जनुक या घटकेस किती वाचले जात आहे, हे आरएनए मोजून कळते. हीच जनुकांची अभिव्यक्ती. दुर्बीण वर्गाच्या भिंती शाबूत असल्याचे सांगते. आत कोणता धडा चालला आहे, हे तिला दिसत नाही.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रोग्यांच्या, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या, आतड्याच्या अस्तरातील प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांची अभिव्यक्ती निरोगी माणसांहून वेगळी आढळली. २०२१ साली पन्नास हजारांहून अधिक रोग्यांच्या जनुकसंचांच्या तपासणीत सहा जागा या विकाराशी निगडित दिसल्या. त्यांपैकी काही चिंतारोगाशीही संबंधित आहेत. म्हणजे मन आणि आतडे यांची मुळे काही अंशी एकत्र गुंतलेली आहेत. रोगी ढोंगी आहे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे.

येथे संयमही हवा. अभिव्यक्तीचे बहुतेक अभ्यास थोड्या रोग्यांवर झालेले आहेत, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी सर्वत्र जुळत नाहीत, आणि दिसलेला फरक रोगाचे कारण की परिणाम, हेही सुटलेले नाही. तेव्हा आयबीएसच्या निदानासाठी जनुकचाचणी विकणाऱ्यापासून वाचकांनी दूरच राहावे.

शिवाय ही माहिती मुख्यतः पाश्चात्त्य आतड्यांची आहे. भारतीय जठरांत्रतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत समाजातील ४,५०० व्यक्तींपैकी ४.२ टक्क्यांस हा विकार आढळला. आपल्याकडे बहुतेकांस रोज शौचास होते. ‘आठवड्यातून तीनदाहून कमी’ ही बद्धकोष्ठाची परकी मोजपट्टी आपणांस कशी लागावी? जंतुसंसर्गाच्या जुलाबानंतर सुमारे दहांत एकास हा विकार जडतो, आणि आपले पावसाळे तर सर्वांस ठाऊकच आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांस खुली झाली, हे उत्तमच. परंतु ती पुस्तकांची यादी आहे, आतड्यात चाललेल्या धड्याची नोंद नव्हे.

ती नोंद मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतून होऊ शकते. दुर्बिणीची तपासणी तेथे नित्य होते. रोग्याच्या संमतीने अस्तराचा एक कण अधिक घ्यावा, आरएनए लवकर नासतो म्हणून तो तत्काळ जतन करावा, सोबत आहाराची व लक्षणांची नोंद ठेवावी आणि नाव वगळून ही सामग्री संशोधकांस द्यावी. राज्य शासनाने या कामी पुढाकार घ्यावा.

तोवर डॉक्टरांनी एवढे तरी करावे. शौचातून रक्त, घटणारे वजन किंवा पंडुरोग असेल तर कसून तपासणी करावी. नसेल तर रोग्यास बसवून सांगावे की, हा विकार जिवावरचा नाही, पण तो खरा आहे. सांडोरच्या त्या प्रवाशाचे निम्मे ओझे या एका वाक्याने उतरेल.